रेसचा दांडा

बसू,

तू गेल्यापासून घरी येणारा प्रत्येक माणूस मला एकच विचारतो. शेवटी काय बोलला? मी म्हणते, काही नाही, शांत गेला. लोकांना बरं वाटतं. चहा घेतात, आप्पांच्या पायाला हात लावतात आणि जातात.

खरं तर तू बोलला होतास. डायलिसिसच्या मशीनवर घ्यायच्या आधी नर्स तुझा हात पुसत होती आणि तू माझ्याकडं बघून म्हणालास, "अक्का, दांडा जरा जड चाललाय. सांजच्याला तेल सोड की त्यात." मी म्हणाले, "सोडतो." आपल्याकडच्या बायका येतो-जातोच म्हणतात, त्यावरून माझी लेक गौरी मला हसते. मग मी खाली चहा आणायला गेले. वर आले तेव्हा तुझ्या खुर्चीभोवती पडदा ओढलेला होता.

आता हे कुणाला सांगू? कसला दांडा, कशाला तेल, हे समजावण्यातच दिवस जाईल. अंगात तेवढं बळ राहिलेलं नाही. म्हणून तुलाच सांगत बसले आहे. तुला सगळं माहीत आहे, तरी सांगते.

स्टँडमागच्या बोळात तुझं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं, तेव्हाची गोष्ट. उचगावातल्या किराणा दुकानाच्या गादीवर तू बसावंस, असं आप्पांना वाटत होतं. तू जुनी मशिनं गोळा करून बोळात दुकान थाटलंस. "पोरं बिघडवायचा धंदा हाय ह्यो," आप्पा म्हणाले, आणि त्या बोळाकडं त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. मी टाकलं. लग्न होऊन हुपरीला गेले होते, माहेरपणाला आले होते, आणि तू मला ओढतच नेलंस. मुंबईहून तू विमानाचं मशीन आणलं होतंस. बसून खेळायचं. पत्र्याची केबिन, आत खुर्ची, समोर काच, उजव्या हाताला विमान वळवायची काठी आणि डाव्या हाताला वेगाचा दांडा. पुढं ढकलला की विमान सुसाट, मागं ओढला की सावकाश. तू त्याला रेसचा दांडा म्हणायचास.

भर दुपार होती, गिऱ्हाईक फारसं नव्हतं. मी पदर खोचून त्या केबिनमध्ये बसले.

"ढकल पुढं! अगं ढकल!" तू ओरडत होतास.

मी दांडा अर्ध्यावर धरून ठेवला होता. खाली निळा समुद्र, वर ढग. शत्रूची विमानं मागून आली आणि मला मागं टाकून निघून गेली.

"अक्का, यष्टी चालवालीस व्हय?"

"मला बघू दे की जरा."

सासरी घरातच चांदीचं काम. दिवस उजाडला की पैंजणाच्या कड्या जोडायला बसायचं, मधे उठून भाकरी, परत कड्या. त्या पत्र्याच्या केबिनमध्ये मला कुणी हाक मारत नव्हतं. बाहेर दोन कॉलेजची पोरं खोळंबली होती. त्यांना तू म्हणालास, "थांबा पावणं, पायलट नवीन हाय." मी मनानं उठेपर्यंत तू मला उठवलं नाहीस. त्याबद्दल मी तुला कधी काही बोलले नाही. भावाला कोण असलं बोलतं? पण ती दुपार मला पुढं कितीतरी वर्षं पुरली.

मग घरोघरी टीव्हीला जोडायचे खेळ आले, त्यामागून सायबर कॅफे आले, आणि बोळ ओस पडला. विमानाचं मशीन शेवटी भंगारात गेलं. माणसांनी ते तिथंच घणानं फोडून टेम्पोत भरलं, आणि तू लांब उभा राहून बघत होतास. घरी आल्यावर एवढंच म्हणालास, "दांडा तरी काढून घ्यायला पायजे हुता."

त्याच सुमाराला तुझे पाय सुजायला लागले. आधी आपण पार्लरमध्ये दिवसभर उभं राहण्यावर ढकललं. मग ब्लडप्रेशर निघालं, मग सोनोग्राफी झाली, आणि डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला किडनीचा त्रास होता का? आप्पांनी मान खाली घातली. अव्वाला होता. आपण शाळेत होतो तेव्हा ती त्यानंच गेली आणि आपण आईविना झालो. तुझ्याही दोन्ही किडन्या गाठींनी भरलेल्या होत्या. हातकणंगल्याचं स्थळ ठरत आलं होतं, ते मोडलं. पाहुण्यांनी एकही वाईट शब्द काढला नाही, नुसतं यायचं थांबवलं. तू म्हणालास, "शाणी माणसं हायत." मला त्या शाण्या माणसांचा राग अजून येतो.

डायलिसिस सुरू झालं आणि माझी हुपरी-कोल्हापूर एसटी सुरू झाली. तुझ्या डाव्या हातात ऑपरेशन करून शीर जोडली, मशीनच्या सुया टोचायला. त्या जागी सतत घरघर व्हायची. "हात लाव," तू म्हणालास, "आत मधमाशी हाय." मी बोट टेकवलं. खरोखर आत काहीतरी गुणगुणत होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, या हातानं वजन उचलायचं नाही, जोर लावायचा नाही, आणि ही घरघर रोज तपासायची. ती थांबली तर लगेच यायचं. तेव्हापासून मी आले की आधी तुझ्या हाताला बोट लावायची, मग चप्पल काढायची.

आता आपलं भांडण.

माझी तपासणी झाली. रक्तगट जुळला, माझ्या किडन्या स्वच्छ निघाल्या. तुझे दाजी म्हणाले, "तुझा भाऊ हाय. मी काय आडवा येनार?" मला वाटलं, सुटलो. आणि डॉक्टरांच्या खोलीत, सगळ्यांसमोर, तू म्हणालास, "न्हाय. मला नको."

"का नको?"

"आज तुझी साफ हाय. उद्या? अव्वाचं रगत तुझ्यातबी हाय. आन् गौरीला लागली तर कुणाची देशील?"

डॉक्टरांनी नीट समजावलं. हा आजार असता तर या वयापर्यंत तुमच्या बहिणीला दिसला असता. त्यांना नाही, म्हणजे त्यांच्या मुलीलाही त्यांच्याकडून येणार नाही. तू सगळं ऐकून घेतलंस, मान हलवलीस, आणि म्हणालास, "डॉक्टर, आमच्या अव्वालाबी काय न्हाय म्हणूनच सांगत हुते."

दवाखान्याच्या जिन्यात मी तुझ्यावर ओरडले. माणसं थांबून बघायला लागली. "तू मरायला बसलाईस आन् मी काय बघत बसू?"

"बघू नको. पर कापून घेऊ नको," तू म्हणालास आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेलास.

त्यानंतर कित्येक दिवस आपण कामापुरतंच बोललो. मी डबा आणायची, तू खायचास. मग एका सकाळी तुझा फोन आला. "अक्का, एक काम हाय. तुझ्याच हातचं हाय."

मला काय वाटलं असेल? पहिली गाडी पकडून आले. वाटेत देवाचं नाव घेतलं, आप्पांना कसं सांगायचं त्याची जुळणी केली. घरात शिरले तर तू सेकंडहँड कम्प्युटरसमोर बसलेला. पार्लरमधले जुने खेळ कुणीतरी तुला त्यात घालून दिले होते, तुझं विमानसुद्धा. तू कीबोर्डचं एक बटण दाबलंस. विमान सुसाट. बटण सोडलंस. विमान थंड.

"बघ. बटणाला मधलं काय न्हाय. चालू न्हायतर बंद. मला दांडा पायजे, पूर्वीसारखा. ढकलंल तेवढाच वेग. तू करून दे."

मी पिशवी खाली ठेवली. मी किडनी द्यायला आले होते आणि तू मला पितळ मागत होतास.

"माझ्याकडनं एवढंच पायजे तुला?"

"एवढं तर दे की."

मी रागानंच हो म्हणाले. आधी आपण तयार मिळतो का ते हिंडून बघितलं. कम्प्युटरच्या दुकानांत काठ्या होत्या, पण वेगासाठी त्यांच्या बुडाला एक बारकं चाक. तू ते बोटानं फिरवून बघायचास आणि परत करायचास. "ह्ये काय रेडिओ लावायचाय? मला हातानं ढकलायचंय." भंगारवाल्याकडंही गेलो. विमानाचं मशीन म्हटल्यावर तो म्हणाला, "पावणं, ते कवाच वितळून भांडी झाली असतील त्याची." तू रिक्षात बसून डोळे मिटून घेतलेस. तेवढ्या फिरण्यानंही तुला धाप लागली होती. मी म्हणाले, "ऱ्हाऊ दे. मी करतो."

त्यातली विद्या तू मला टेबलावर बोटानं काढून दाखवलीस. रेडिओचा आवाज वाढवायच्या बटणाच्या आत एक काळी पट्टी असते आणि तिच्यावर एक जीभ फिरते. जीभ जिथं असेल तेवढी वीज जाते. दांडा हलला की ती जीभ फिरली पाहिजे, मग वेग किती ते कम्प्युटरला कळतं. अडचण अशी की बटण जवळजवळ पूर्ण फिरतं आणि दांडा वीतभरच सरकतो. दोघांचा मेळ बसायचा कसा? मला आपल्या घरचा जुना रेडिओ आठवला. स्टेशन लावताना काटा सरकवणारा आतला दोरा. पितळेचा एक मोठा अर्धचंद्र करायचा, तो दांड्याला जोडायचा, आणि त्याच्यावरून दोरा नेऊन बटणाच्या दांडीला वेढे द्यायचे. मोठं थोडं हललं की बारकं खूप फिरतं.

दाजी आधी कुरकुरले. "चांदीच्या घरात पितळ?" मग त्यांनीच पत्रा निवडला आणि अर्धचंद्र कापून कानस मारून दिला. जोड मी दिला. जोड धरायला टाकणखार लावून, फुकणीनं जाळ बारीक करून, जसा पैंजणाला देते तसा. गौरी म्हणाली, मामाला एवढं सुंदर कशाला, आत तर दिसणार नाही. मी म्हणाले, मामा उघडून बघणारा आहे.

पहिली चाचणी फसली. दांडा अर्ध्यापर्यंत ढकलला तरी विमान हलेना, आणि नंतर एकदम उधळलं ते थेट डोंगरावर.

"ही तर म्हस हाय," तू म्हणालास. "हलत न्हाय, आन् हलली की थांबत न्हाय."

कितीतरी दिवसांनी आपण दोघं हसलो. मग तूच डोकं खाजवत उलगडा केलास. आवाजाचं बटण कानाच्या हिशेबानं केलेलं असतं, सुरुवातीला हळू आणि शेवटी भराभर. सारखं वाढणारं वेगळं मिळतं. ते मिळालं, बसवलं, आणि विमान माणसात आलं.

त्यानंतर दांडा डाव्या हाताला की उजव्या, यावर आपण भांडलो. मी म्हणाले, डाव्या हाताला जोर लावायचा नाही म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय. तू म्हणालास, मशीनला डावीकडंच होता, मी डावीकडंच घेणार. मग दांडा इतका हलका करायचा की जोर लागणारच नाही. पण हलका केला की तो हात सोडताच खाली पडायचा, आणि घट्ट केला की हाताला ओढ बसायची. पत्र्याची चकती घालून बघितली, रबर घालून बघितलं. शेवटी तुझ्या झिजलेल्या कोल्हापुरी चपलेचा तुकडा गोल कापून सांध्यात घातला आणि त्याला एरंडेल पाजलं. दांडा एका बोटानं सरकायला लागला आणि सोडला तिथं थांबायला लागला. तो सरकताना मी दुसऱ्या हाताचं बोट तुझ्या त्या शिरेवर ठेवून बघितलं. मधमाशी आपली चालूच होती.

रविवारी दुपारी तू खेळायला बसलास. इतक्या मोठ्यानं ओरडत होतास की आप्पा दुकानातून धावत आले. "कोण पडलं?"

"विमान पडलं, आप्पा."

आप्पा चौकटीत उभे राहिले. तुझ्या डाव्या हाताकडं बघत राहिले. पुढून गिऱ्हाइकानं हाक मारली तेव्हा गेले, आणि जाताना म्हणाले, "परत उडीव की मग."

डायलिसिसवरून आलास की तू पिळून काढल्यासारखा झोपायचास, आणि दिवस कलायच्या आधी उठून त्या दांड्याला हात घालायचास. एकदा तू असाच खेळत असताना मी परत विषय काढला. ओरडले नाही. ओरडायचं त्राणही नव्हतं. मी एवढंच म्हणाले, "ह्ये माझ्याकडनं घेतलंस. मग ते का घेत न्हाईस?"

तू दांडा मागं ओढलास. विमान सावकाश झालं. माझ्याकडं न बघता म्हणालास, "ह्ये मोडलं तर तू दुसरं करशील."

अजूनही एसटीत बसले, भांडी घासायला बसले, की मी तुझ्याशी परत पहिल्यापासून भांडते. कधी मी जिंकते. पण त्या वाक्याशी आले की गाडी तिथंच थांबते.

तुला बसवूनच नेलं, आपल्या लिंगायत रीतीप्रमाणं. स्वामींनी कपाळाला विभूती लावली, डाव्या तळहातावर लिंग ठेवलं. सुया काढलेल्या जागी पट्टी तशीच होती. ती कुणाच्या लक्षात आली नव्हती. मी सरळ करायला म्हणून हात पुढं केला आणि सवयीनं बोट टेकवलं. आत काही नव्हतं. तोपर्यंत मी रडले नव्हते, बसू. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा नाही, आप्पांना धरून आणलं तेव्हाही नाही. बोट टेकवलं आणि कळलं.

आणि तुला हे सांगायचं राहिलंय. गेल्या आठवड्यात दाजींनी हट्ट धरून गौरीची सोनोग्राफी केली. मी नको म्हणत होते, मला तो दवाखान्याचा वास नको होता. तिला काही नाही. स्वच्छ आहे. डॉक्टर तेच म्हणाले जे तुला म्हणाले होते. दाजी बाहेर येऊन बाकावर बसले आणि रुमालात तोंड घालून रडले. मला आधी सुटल्यासारखं वाटलं आणि मग तुझा इतका राग आला की मी भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. जिच्यासाठी तू माझी किडनी राखून ठेवलीस तिला ती नकोच होती. माझ्या अंगात दोन आहेत, आणि दोन्ही मला जड झाल्यात. पण त्याच रात्री जेवताना गौरी पोटभर जेवली, आणि मला वाटलं, मामानं तिच्या वाटणीची काळजी आधीच करून ठेवली होती. आपण ती करायला नको. हे उपकार म्हणायचे की काय म्हणायचं, मला समजत नाही. दोन्ही एकाच पोटात घेऊन मी कड्या जोडते.

काल आप्पांच्या फ्रिजमध्ये तुझी इंजेक्शनं उरलेली दिसली. नर्सबाई म्हणाल्या होत्या, असली तर आणून द्या, कुणाच्या तरी कामाला येतील. म्हणून आज सकाळी डबा नसताना त्या एसटीत बसले. जिना चढून वर गेले.

खिडकीजवळच्या तुझ्या खुर्चीवर नवीन माणूस होता. तुझ्याएवढाच असेल. पहिलीच खेप असावी, सुई बघून मान फिरवत होता. त्याची बायको शेजारी स्टुलावर बसली होती आणि पिशवीतून शहाळं काढत होती.

"वैनी, ह्ये देऊ नका," मी म्हणाले.

ती दचकली. "का हो? ताकद येती म्हणून आनलंय. केळीबी हायत."

"ह्येच्यातलं पोटॅशियम हेंच्या हृदयाला बाधतंय. शहाळं न्हाय, केळं न्हाय. डॉक्टर सांगतील बघा. भाजीबी तशी द्यायची न्हाय."

तिनं शहाळं परत पिशवीत ठेवलं, पिशवी मांडीवर घेतली आणि माझ्याकडं बघत राहिली. तिचे डोळे भरून आले होते. आपण नवऱ्याला काय घालत होतो या भीतीनं असतील. मी इंजेक्शनं नर्सबाईंना दिली आणि जायच्याऐवजी तिच्याजवळ बसले.

"तुमाला लई म्हाईती हाय," ती म्हणाली. "तुमचं कोन असतंय हितं?"

"भाऊ."

ती ओळीनं खुर्च्यांकडं बघायला लागली. "कंचे हो? दिसंनात."

तिचा नवरा मान वळवून ऐकत होता. त्याच्या हाताला नळ्या होत्या.

"आज त्याची पाळी न्हाय," मी म्हणाले.

"आसूं दे. भेटतील की पुढच्या खेपंला."

मी व्हय म्हणाले, आणि भाजी बारीक चिरून, उकळून, तिचं पाणी कसं टाकून द्यायचं, ते तिला पहिल्यापासून सांगायला लागले.